मेहुण्याचं व्यसन

४ मार्च, सोमवार
चौदा महिने. एक थेंब नाही, एक गोळी नाही. शनिवारी दुकानात लेन्स कंपनीचा माणूस बाटली ठेवून गेला. चव आठवते का, एवढंच तपासायचं होतं. आठवली. मग झोपेच्या गोळ्यांचंही तपासलं.
रविवार काही सापडत नाही.
याला घसरणं म्हणत नाहीत. याला ऑडिट म्हणतात.
बायको उशी उचलून मुलीच्या खोलीत झोपायला गेली. उकाडा वाढलाय खरा.

५ मार्च
ठरलं. आजपासून बंद. (दुपारी दोनपासून.)
रिटायर्ड हेडमास्तर नवा चष्मा घेऊन गेले. जाताना समोरच्या टेलरच्या दुकानातल्या पुतळ्याला वाकून नमस्कार केला. मला वाटलं, किती सभ्य माणूस. दहा मिनिटांनी परत आले. उजव्या डोळ्याचा नंबर डाव्याला बसला होता. त्यांना म्हटलं, चार दिवसांत सवय होते. ते म्हणाले, सवय करून घ्यायला मला दोन डोळे आणखी लागतील.
हल्ली गिऱ्हाईक फार टोचून बोलतं.

७ मार्च
सकाळी दात घासायच्या मगाखाली एक कार्ड. व्यसनमुक्ती केंद्र, वेळ दहा ते पाच. बायको म्हणाली, मदत घ्या, नाहीतर पुढच्या सोमवारी मी आणि मुलगी आईकडे जातो. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता आलं असतं.
मदत घेणार. मर्दासारखी घेणार. पण आधी तयारी हवी. वही घेतली, नवीन सपाता घेतल्या. कुठल्याही संस्थेत आपलं भलं करून घेण्याआधी ती संस्था पारखून घ्यावी.

९ मार्च, शनिवार
केंद्र पारखायला गेलो. खुर्च्या गोल मांडलेल्या, भिंतीवर नियम, कोपऱ्यात पाण्याचं पिंप. समुपदेशक ताई वयाने माझ्या दुकानापेक्षा लहान. काय मदत करू, असं विचारलं. आता खरं सांगणारच होतो, पण तोंडातून निघालं: माझ्या मेहुण्यासाठी आलोय.
मग मात्र काही लपवलं नाही. चौदा महिने, शनिवार, गोळ्या, लेन्स पुसायच्या लिक्विडच्या बाटलीत भरून ठेवलेली जिन, सगळं सांगितलं. ताईंनी विचारलं, मेहुण्याला ही बाटली कुठून मिळाली? म्हटलं, माझ्या दुकानात त्याचं येणं-जाणं असतं. त्यांनी लिहून घेतलं. फॉर्ममध्ये पेशंट म्हणून त्याचं नाव, नातेवाईक म्हणून माझं. सोमवारी घेऊन या म्हणाल्या.
फार हलकं वाटलं. त्या आनंदात थोडी घेतली.

११ मार्च
मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, शाळेत चित्रकला शिकवतो. चहासुद्धा पीत नाही, कोमट पाणी पितो. कोणालाही नाही म्हणता येत नाही हा त्याचा एकमेव दोष, आणि तो मला आवडतो. त्याला म्हटलं, एक तास बसायचं, खाली बघायचं. तो म्हणाला, खाली बघणं जमेल भावजी, स्टाफरूममध्ये तेच करतो.
ताईंनी त्याला विचारलं, सगळ्यात एकटं कधी वाटतं? मला वाटलं, गप्प बसेल. तो रडायला लागला. स्टाफरूममध्ये त्याची खुर्ची कोणीही ओढून नेतं म्हणाला. अठरा वर्षं तो खिडकीच्या कठड्यावर बसतोय. सगळा गट हळहळला. एका ट्रकड्रायव्हरने त्याला छातीशी धरलं.
मी त्याची पिशवी धरून उभा होतो. मला कोणी पाणीही विचारलं नाही.
बायकोला सांगितलं, केंद्रात जाऊन आलो. खोटं नाही ते. ती म्हणाली, बरं. बॅगेत भरलेले कपडे तिने परत कपाटात ठेवले. सगळे नाही.

१४ मार्च, गुरुवार
धक्का. मेहुणा मला न सांगता तीनदा केंद्रात जाऊन आला. तिथे त्याला खुर्च्या मांडायचं काम दिलंय. स्वतःची खुर्ची तो दाराजवळ ठेवतो, कोणी ओढत नाही. चार दिवस न पिता काढले म्हणून आज त्याच्यासाठी टाळ्या वाजल्या. या माणसाला न पिता एक्केचाळीस वर्षं झाली.
मी त्याला बाहेर गाठलं आणि म्हटलं, ही शुद्ध फसवणूक आहे. तो म्हणाला, मी तुमच्याच गोष्टी सांगतो भावजी. लोक रडतात.
लोकांना रडवण्याइतकं माझ्या गोष्टींत काही नाही. तो रंग भरतो. चित्रकलेचा माणूस.

१५ मार्च
मेहुण्याच्या काळजीने घेतली. गोळ्या दोनच, त्याही औषध म्हणून. चिठ्ठीवर डॉक्टरांचं नाव आहे. अक्षर माझं असलं म्हणून काय झालं.
सोमवारपासून कायमची बंद. रविवारी संध्याकाळपासून म्हणा ना.

१८ मार्च, सोमवार. दुपारी चार
हे शांतपणे लिहून ठेवलं पाहिजे.
केंद्रात आज कुटुंबाची बैठक होती. पेशंटची बहीण म्हणून ताईंनी बायकोला फोन केला होता. मला हे कोणी कळवलं नाही. मी पोचलो तर बायको गोलात बसलेली, पर्स मांडीवर. भाऊ तिच्या समोर. मी मधल्या रिकाम्या खुर्चीवर बसलो. दुसरी नव्हती.
ताई मेहुण्याला म्हणाल्या, आज बहिणीसमोर बोलायचंय ना? तो उठला. या वेळी रडला नाही. म्हणाला, गेल्या बुधवारी मी मुलीला शाळेतून आणायला जाणार होतो. गेलो नाही. दुकानाचं शटर आतून ओढून झोपलो होतो. ती एकटी चालत दुकानापर्यंत आली. शटर वाजवलं. मी उठलो नाही. मग ती पायरीवर बसून गृहपाठ करत राहिली. दोन तास. टेलरने तिला घरी सोडलं. तिने आईला सांगितलं की बाबा गिऱ्हाइकात होते.
ही गोष्ट मी त्याला सांगितलेली नव्हती. मला ती ठाऊकच नव्हती. त्या बुधवारी मला जाग आली तेव्हा दार शांत होतं. मला वाटलं, तिला कोणीतरी आणलं असेल. मेहुण्याला तिनेच सांगितलं असणार. मामाला ती सगळं सांगते.
ट्रकड्रायव्हर मेहुण्याला म्हणाला, मास्तर, पोरीची माफी मागावी लागेल. मेहुणा म्हणाला, हो, मागायला हवी. आणि खाली बसला.
सगळी खोली त्याच्याकडे बघत होती. माझ्याकडे तिघंच बघत होते. तो, ताई आणि बायको.
मी उभा राहिलो. भाषण तयार होतं, आठवडाभर मनात घोळत होतं. तोंडातून निघालं ते एवढंच: या फॉर्ममध्ये एक छोटी कारकुनी चूक झाली आहे.
कोणी हसलं नाही. ताईंनी फाईल उघडली, दोन्ही नावांवर काट मारली, आणि विचारलं, पहिलं कोणाचं लिहू? मी सांगितलं. म्हणाल्या, उद्या दहाला डॉक्टर येतात, कॉट रिकामी आहे, गोळ्या घरी एकदम बंद करू नका, ते इथे हळूहळू करतात.
म्हटलं, दुकान? बायको म्हणाली, दुकान मी उघडीन. निदान डावं-उजवं मला कळतं.
मेहुण्याने हात वर करून विचारलं, मी गुरुवारी आलो तर चालेल का? ताई म्हणाल्या, नातेवाइकांचा गट गुरुवारीच असतो.

१९ मार्च
दाखल झालो. मुलीने बॅग दारापर्यंत आणून दिली. शटरबद्दल बोलायचं होतं. तिच्या वेणीची रिबन नीट केली, ती नीटच होती. मग म्हटलं, बुधवारी मी गिऱ्हाइकात नव्हतो. ती म्हणाली, मला माहितेय. किती दिवस, असं विचारलं. म्हटलं, पाच. ती म्हणाली, मामा म्हणाला अठ्ठावीस, भिंतीवर लिहिलंय.
पाच पुरतील. आदर्श पेशंट होणार. व्यायाम, वाचन, स्टाफच्या डोळ्यांची तपासणी.

२० मार्च, सकाळी साडेसहा
उलटी, तीनदा. हात थरथरतात म्हणून अक्षर असं. डॉक्टरांचा डोस आठला. शेजारच्या कॉटवर ट्रकड्रायव्हर. त्याने माझी बादली धुऊन आणून ठेवली. म्हणाला, पहिले दिवस सगळ्यांचे असेच जातात. मी म्हटलं, माझी केस जरा वेगळी आहे. तो म्हणाला, हो का. आणि कॉटवर उठून बसून वॉर्डाला विचारलं, कोणाकोणाची केस वेगळी आहे?
अकरा हात वर झाले. आम्ही अकराच आहोत.