किल्ली बाबांच्या गळ्यात

मंगळवार, ११ मार्च
गॅरेजमधून, दुपारी

छोट्या,

तुला आणि तुझ्या बायकोला आशीर्वाद. आम्ही इथे ठीक. आईचा गुडघा आता जिना चढू देतो, उतरताना मात्र ती घरातल्या सगळ्यांचा उद्धार करत उतरते. बायकोची सर्दी गेली का? तिला सांग, मी विचारलंय.

हे पत्र मला बाबांनी लिहायला लावलंय. फोनवर तू "बघतो, कळवतो" म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागदावर लिहिलेलं आलं की माणसाला जरा तरी लाज वाटते, असं त्यांचं म्हणणं. मला तर फोन नकोच होता. मी बोलायला लागले की बाबा शेजारी येऊन कान लावून उभे राहतात, आणि मला जे सांगायचंय ते त्यांच्यासमोर सांगण्यासारखं नाही. तर त्यांचा निरोप आधी देऊन टाकते. जीप तयार आहे, लवकर ये. संपला निरोप. आता माझं ऐक.

जीपचं तुला बाबांच्या तोंडून कळलंच असेल, म्हणजे अर्धवट कळलं असेल. जुनं पेट्रोल इंजिन फार ऑइल प्यायला लागलं होतं. चढावर तर आपल्यामागे नुसता निळा धूर. शेवटी बाबाच म्हणाले, काढ ते आणि डिझेल बसव. जन्मभर डिझेलला खटारा म्हणून नाकं मुरडणारा माणूस! मी दोनदा विचारलं, ताप वगैरे नाही ना तुम्हाला?

मग एका ठोकलेल्या पिकअपचं इंजिन आणलं. बसवताना किती नखरे केले त्यानं, विचारू नकोस. जुन्या गिअरबॉक्सशी त्याचं जमेना. मध्ये टाकायला जाड प्लेट करून घेतली, ती लेथवाल्याला दोनदा परत केली, तेव्हापासून तो मला बघितलं की शटर खाली ओढायचं नाटक करतो. रेडिएटर पुढे सरकवला. नवं इंजिन जड, त्यामुळे पुढचे स्प्रिंगचे पाटे दबले आणि जीप सारखी मान खाली घालून उभी राहायला लागली. मग पाटेही बदलले. हे सगळं मी केलं. बाबांचा हात हल्ली थरथरतो, ते स्टुलावर बसून पाने द्यायचे आणि तुझ्याबद्दल बोलायचे.

हो, तुझ्याबद्दल! मी जीपखाली उताणी, डोळ्यांत माती, आणि वरून आवाज, "छोट्या असता तर हे माउंटिंग असं चटकन बसवलं असतं." छोट्या औषधं विकतो, बाबा. छोट्यानं इतक्या वर्षांत सायकलचं पंक्चर काढलेलं नाही. पण बोलायची सोय आहे का?

मागच्या वेळी तू आलास तेव्हा रेडिएटरचा एक बोल्ट आवळलास, आठवतंय? शर्टाला डाग पडेल म्हणून लांबूनच आवळलास. बाबा येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला तो बोल्ट दाखवतात. "हा माझ्या मुलानं बसवलाय, मुद्दाम सुट्टी काढून आला होता." टँकरवाल्यालाही दाखवला, पोस्टमनलाही दाखवला. तो तिरका बसला होता रे. तू गेल्यावर मी तो काढला आणि नीट आवळला. बाबांना सांगितलं नाही. आता माझा बोल्ट तुझ्या नावानं मिरवतोय.

जळते मी तुझ्यावर. लिहूनच टाकते, उगीच आडवळणानं कशाला? पोटात दुखतं माझ्या. तू काही वाईट नाहीस, तेच तर जास्त खुपतं. वाईट असतास तर मनसोक्त शिव्या दिल्या असत्या.

तर जीप तयार झाली. मी हात पुसले, म्हटलं, बाबा, द्या किल्ली. तर बाबांनी किल्ली सुतळीत ओवली आणि गळ्यात घातली. "पहिल्यांदा चालू करायची ती छोट्यानं. तो पंधरवड्यात येतोय." पंधरवडा गेला. तू आला नाहीस. मग म्हणालास, महिनाअखेरीला. तेव्हाही नाही. जीपवर ताडपत्री, किल्ली बाबांच्या गळ्यात. आंघोळीलासुद्धा काढत नाहीत, सुतळीला वास यायला लागलाय. मी रोज दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करायच्या आणि स्वतः जोडलेल्या इंजिनाकडे नुसतं बघत बसायचं. बाहेरचं कोणी ऐकलं असतं तर हसलं असतं.

पण बाबांची एक चूक झाली. त्यांना माहीत नाही असं नाही, पण सगळा जन्म पेट्रोलच्या गाड्यांत गेला, हाताला तीच सवय. पेट्रोलच्या गाडीची किल्ली खिशात घातली की गाडी आपल्या ताब्यात. हे जुनं डिझेल तसलं नाही. त्याला ठिणगी लागत नाही. चाकं फिरली, पंपानं डिझेल दिलं की ते आपलं आपण पेटतं. किल्ली गळ्यात घाला नाहीतर विहिरीत टाका, त्याला काही फरक पडत नाही.

गेल्या आठवड्यात तू तिसऱ्यांदा "बघतो" म्हणालास. बाबा मला म्हणाले, "बिचाऱ्याला किती काम असतं." माझ्या डोक्यात तिडीक गेली. जेवून ते झोपले. मी ताडपत्री काढली, डिझेलच्या पाइपातली हवा आधीच काढून ठेवली होती, चाकांखालचे दगड बाजूला केले आणि आत बसले. गॅरेजसमोरचा उतार तुला ठाऊक आहे. जीप आवाज न करता निघाली. कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानापाशी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला. एक हिसका, काळा धूर, आणि लागलं की रे! असं धडधडलं की न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला. मी रडत होते की हसत होते, मला माहीत नाही. खाणीपर्यंत गेले, दगडांवरून चढवली, परत आणली.

फाटकात बाबा उभे. बनियनवर, किल्ली मुठीत घट्ट धरलेली. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. त्यांनी किल्लीकडे बघितलं, जीपकडे बघितलं. मग कपाळावर हात मारला आणि शेजारी येऊन बसले. "चल, मलाही दाखव."

त्यांना खाणीवर नेलं. वर पोचल्यावर बराच वेळ कान देऊन ऐकत बसले. म्हणाले, "आवाज मस्त लागलाय." छोट्या, मला आकाश ठेंगणं झालं. आणि लगेच पुढे म्हणाले, "छोट्याला आवडेल."

उतरताना सांगितलं, "त्याला यातलं काही कळवू नकोस. त्याला वाटू दे, त्याच्याच हातानं पहिल्यांदा चालू होतेय."

म्हणून कळवतेय. तुझ्या हातानं होणार नाही. माझ्या हातानं झाली.

आता खरं दुखणं ऐक. त्या दिवसापासून बाबा दुपारी झोपत नाहीत. जेवण झालं की स्वतःच दगड बाजूला करतात आणि शेजारी येऊन बसतात. किल्ली गळ्यातच. आम्ही उतारावर सुटतो, खाणीवर जातो, चहा पितो, येतो. परत आलो की वर उताराच्या तोंडाशी जीप लावतो आणि ताडपत्री घालतो, म्हणजे तुझ्यासाठी पुन्हा कोरी. बाबा माझ्याशी इतकं कधीच बोलले नव्हते. बहुतेक तुझ्याबद्दलच बोलतात, पण माझ्याशी बोलतात. तू आलास, किल्ली लागली, की हे संपेल. म्हणून चार दिवस हे पत्र लिहायचं टाळत होते. नकोच येऊस, असं लिहायला बसले होते. तेवढं मात्र हातून होत नाही. सकाळ-संध्याकाळ रस्त्याकडे बघत असतात रे ते.

तेव्हा ये. बाबा सुतळी काढून किल्ली तुझ्या हातात देतील, तू फिरव, जीप चालू होईल. मी टाळ्या वाजवीन, पहिल्यांदाच ऐकतेय असं तोंड करीन. न्हाव्यालाही सांगून ठेवलंय.

बदल्यात तूही एक नाटक कर. किल्ली उलटी फिरवलीस तरी हे इंजिन थांबत नाही, हे आता तुझ्या लक्षात आलंच असेल. डॅशबोर्डखाली एक काळी मूठ आहे, ती ओढावी लागते. पण तू ती ओढू नकोस. तुला माहीतच नाही असं दाखव. किल्ली काढून हातात घे, इंजिन धडधडत राहू दे, आणि बाबांसमोर, मोठ्यानं, त्यांना नीट ऐकू जाईल असं मला विचार, "ताई, तू बसवलेलं हे इंजिन बंद कसं करायचं?"

एवढं एकदा विचार. बोल्ट तुझ्याच नावावर राहू दे.

वाट बघणाऱ्यांत मलाही धर,
तुझी ताई