मारोतीदादाचं पोट दुखतंय

मारोतीदादा,

टँकर अकराला येईल. आपली घागर जोहराचाचीच्या मागं नंबरात ठेवली हाय. आई-आबा कामावर गेलेत, म्हणून आज पाण्याला तूच जा.

पाण्यापायी माझे शाळेत नऊ खाडे झाले. दहावा पडला की गुरुजी हजेरीतून नाव काढणार. दर खाड्याला तू पालक म्हणून अर्ज लिहितोस, 'पंचफुलाचं पोट दुखतंय.' माझं पोट एकदाबी दुखलं न्हाई. गृहपाठ पुरा झालाय, वहीवर आपला नवा 'जिल्हा लातूर' बी लिहिलाय.

नव्या जिल्ह्यात नोकरी लागंल म्हणून तू हॉटेलात पत्ते कुटत बसतोस ना? तिथं हॉटेलवाल्या खाजाचाचाकडं तुझा अर्ज देऊन शाळेला चालले: 'मारोतीचं पोट दुखतंय, आज डावाला येणार न्हाई.'

भाकर दुरडीत झाकलीय. पाणी आणून मग खा.

तुझी पालक,
पंचफुला, इयत्ता सातवी