ओल एकीकडे, गळती दुसरीकडे

दादा,

माझ्या मानेतली गाठ कॅन्सरची निघाली, पण तो सुरू कुठून झाला हे चार महिने कोणालाच सापडेना. ‘आता हिचं काही खरं नाही’ म्हणत तू माझी प्लंबिंगची हत्यारं विकायला काढलीस. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "ओल दिसते तिथेच गळती असते असं नाही. माग काढत जा." त्या आधी हसल्या, मग कामाला लागल्या. काल मूत्राशयात कॅमेरा घातला. आतल्या एका खळग्यात मूळ दडून बसलं होतं. दुर्मीळ जात आहे म्हणे. असेना का, पत्ता तर लागला. सोमवारी औषध सुरू होतंय.

हे पत्र पाठवत नाही. उद्या हत्यारं न्यायला मीच येतेय. मोठा पाना जागेवर नसला, तर तुझ्या न्हाणीघरातली गळती तूच शोध.

तुझी, अजून खरी असलेली,
धाकटी