लांब नळीचं, पॉइंट टू टू

सोमवार, १ जानेवारी १९९०
संकल्प. फक्त एक. गेल्या वर्षी नऊ केले होते. एकही पार पडला नाही, कारण नऊ होते.
यंदा नेमबाजी. पिस्तुल घ्यायचं. रीतसर लायसन्स काढून. परवडणारं, लहान बोरचं म्हणजे बारीक गोळीचं, फक्त टार्गेटसाठी.
आई जाऊन वर्ष झालं. अकरा वर्षं तिच्या औषधांच्या वेळा सांभाळल्या. आता शाळेचं ऑफिस सुटलं की वेळच वेळ. एवढा वेळ फार थोड्या लोकांना मिळतो.
पात्रता: कॉलेजात एनसीसी, १९६४. पॉइंट टू टू रायफल, पाच गोळ्या. पाचही भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली होती. सुभेदार म्हणाले होते, ही मुलगी पुढे जाईल. पुढे मी हेडक्लार्क झाले. म्हणजे ते अगदीच चुकले नाहीत.

शुक्रवार, ५ जानेवारी. सकाळी ७
प्रॅक्टिस सुरू. पिस्तुल यायचंय, पण हात तर आहे.
पद्धत: आईच्या टॉनिकची रिकामी बाटली पाण्याने भरायची. निसटू नये म्हणून पांढऱ्या रुमालात गुंडाळायची. गच्चीवर उभं राहून हात खांद्याच्या रेषेत लांब. एक डोळा बंद. पाच मिनिटं.
टार्गेट: गल्लीपलीकडच्या गुलाम हुसेन यांच्या गच्चीतली पाण्याची टाकी. तिच्यावर डांबराचा काळा ठिपका आहे. अंतर साधारण दहा मीटर. पंचवीस हवं होतं, पण गल्ली दहाचीच आहे.
शुक्रवारच निवडला, कारण भिवंडीत त्या दिवशी कापडाचे लूम बंद असतात. इतर दिवशी खालचे लूम चालू असले की गच्चीच थरथरते. शुक्रवारी इतकं सामसूम होतं की भांडं ठेवलं तरी दचकायला होतं. मला त्याचं काही वाटत नाही. एकाग्रतेला चांगलं.
हात फार हलला. बाटली डावीउजवीकडे झुलत होती. थंडी आहे.

शुक्रवार, १२ जानेवारी
हात आजही हलला. थंडी कमी आहे. बाटली जास्त भरली गेली असावी.
सुभेदारांचा नियम आठवला. नजर हातातल्या हत्याराच्या टोकावर ठेवायची, टार्गेटवर नाही. टोक स्पष्ट आणि पलीकडचं सगळं धूसर दिसलं की नेम बरोबर. मी बाटलीच्या बुचाकडे बघते. पलीकडे गुलाम हुसेन यांची बायको रशिदा कपडे वाळत घालत असावी. नीट दिसलं नाही. म्हणजे प्रगती आहे.

शनिवार, २७ जानेवारी
रजा टाकून मुंबईला गेले. बंदुकांचं दुकान. काउंटरमागचे गृहस्थ वयस्कर, गुजराती, बोलायला मऊ. माझ्यामागे कोणी येतंय का, म्हणून दाराकडे बघत राहिले. कोणी आलं नाही, तेव्हा माझ्याशी बोलू लागले.
तीन वस्तू पाहिल्या.
पहिली, रिव्हॉल्व्हर. जुनं, आखूड नळीचं. ते म्हणाले, "हे कपाटात ठेवायला ठीक. टार्गेटला नाय चालणार. नळी आखूड, नेम भटकते."
दुसरी, विलायती पॉइंट टू टू पिस्तुल. एका पारशी डॉक्टरांचं. लांब नळी, अक्रोडाची मूठ, हातात घेतलं की जड. गोळी लहान, धक्का कमी, काडतुसंही त्यातल्या त्यात स्वस्त. किंमत ऐकून मी पर्स बंद केली. मग परत उघडली आणि रुमाल काढला, म्हणजे त्यांना वेगळं वाटायला नको.
तिसरी, देशी एअर पिस्तुल. हवेवर चालतं. माझ्या बजेटमध्ये सहज. "याला लायसन्स लागत नाय, मॅडम. सुरुवात यावर करा."
मी म्हटलं, सुरुवात मी चौसष्टमध्येच केली आहे.
विलायती हातात धरून दाखवा म्हणाले. धरलं. मनगट वाकतंय म्हणून त्यांनी दोन बोटांनी ते सरळ केलं. "असं. आता असंच ठेवायचं." घरी येईपर्यंत मी मनगट तसंच ठेवलं. बसमध्ये तिकीट डाव्या हाताने काढलं.
निर्णय: लांब नळीचं, पॉइंट टू टू. आईच्या पाटल्या आहेत. तिने त्या माझ्या लग्नासाठी ठेवल्या होत्या. आता त्यांना काम मिळालं.
एअर पिस्तुल बाद. लायसन्स नाही म्हणजे अर्ज नाही, चौकशी नाही. आपल्याबद्दल कोणी काही विचारणारच नाही. तसलं घेण्यात काय अर्थ.

मंगळवार, ६ फेब्रुवारी
ठाण्याला जाऊन फॉर्म आणला. सगळं सोपं आहे. एकच रकाना जरा वेळ खातो: अर्जदाराला निदान पाच वर्षं चांगलं ओळखणाऱ्या दोन व्यक्तींची नावं. पोलीस त्यांचे जबाब घेतात. दोघांनी हो म्हटलं की पुढे.
मला फक्त दोन निवडायची अडचण. भिवंडीत जन्म, पंचेचाळीस वर्षं इथेच. कोणाला घेतलं तर कोणाला राग येईल, हा प्रश्न.

गुरुवार, ८ फेब्रुवारी
यादी करायला घेतली. दोन नावं झाली. दोनच हवी होती.
एक: सुचेता. ऑफिसात नऊ वर्षं माझ्या समोरच्या टेबलावर. अगदी जवळची मैत्रीण.
दोन: समोरचे गुलाम हुसेन आणि रशिदा. एकच घर, एकच नाव धरू. वीस वर्षांचा शेजार. चौऱ्याऐंशीच्या दंगलीत आई आणि मी तीन दिवस त्यांच्याच माडीवर होतो. रशिदाने आईला स्वतःच्या हाताने पेज भरवली होती. त्यानंतर जाणं-येणं राहूनच गेलं. आईचं आजारपण होतं. मग ते संपलं, पण तोवर सवय गेली होती.
विचारायला गेले नाही. एवढ्या जुन्या माणसांना विचारायचं काय. नावं लिहून टाकली.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी
पाच मिनिटं झाली. हात पूर्वीपेक्षा निम्माच हलला.

सोमवार, १२ फेब्रुवारी
सुचेताला मात्र सांगितलं. ती डबा खात होती. म्हणाली, "पिस्तुल? बाई, तुम्ही?" मग म्हणाली, "देते ना जबाब, त्यात काय. पण बाई, तुमचं नाव काय हो? मस्टरवर एस. व्ही. एवढंच असतं."
सरोजिनी, म्हटलं. "अय्या, छान आहे," म्हणाली.
नऊ वर्षांनंतरही एकमेकींबद्दल नवीन काही कळतं, हीच मैत्री.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी
आठ मिनिटं. हात जवळजवळ स्थिर. पलीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही. सुभेदार असते तर खूश झाले असते.
आज प्रॅक्टिसच्या वेळी आईला मोठ्याने सांगितलं, बघ. नुसतं सवयीने.

शुक्रवार, २ मार्च
दहा मिनिटं. हात दगडासारखा. बाटलीतलं पाणीसुद्धा हललं नाही.
हे मी कोणाला सांगणार होते. संध्याकाळपर्यंत नाव आठवलं नाही. इथे लिहिते आहे, ते पुरे.

शुक्रवार, ९ मार्च. संध्याकाळी
हवालदार आले. दौलत नाव, शेलार गावचे. मी साडी बदलून, चहाला दोन कप काढून ठेवले होते. बिस्किटंही.
म्हणाले, "बाई, घरात आणखी कोण हाय?"
कोणी नाही.
"येतंजातं कोण?"
मी विचार केला. म्हटलं, दूधवाला.
"त्याला लिवू?"
नको म्हटलं. त्यांनी एक बिस्किट उचललं आणि वहीचं पान उलटलं. मग म्हणाले, शाळेत जाऊन आलो. तुमच्या मैत्रिणीनं सांगितलं, बाई चांगल्या आहेत, वेळेवर येतात, जास्त काही माहीत नाही.
हे अगदी खरं आहे. मी वेळेवर जाते.
"आनि समोरच्यांनी हरकत घेतलीय."
मी विचारलं, गुलाम हुसेन यांनी?
"त्ये कायच बोललं न्हाय. बायकोकडं बघत बसलं. बायको म्हनली, त्यांना पिस्तुल देऊ नका. बाईंचं काय तरी बिनसलंय." त्यांनी वही मिटली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, ऱ्हाऊ द्या ना. काय करायचंय. लेकीबाळी असत्या तर गोष्ट येगळी."
मी दुसरा कप चहा दिला. ते गेल्यावर कप धुतले. दोन कप होते, म्हणून जास्त वेळ लागला.

शनिवार, १० मार्च
रशिदाशी या जन्मात बोलायचं नाही. हा संकल्प मोजायचा नाही, कारण तो आपोआप पाळला जातो आहे. पाच-सहा वर्षं झालीच.
बिनसलंय म्हणे. माझं. दहा मिनिटं हात स्थिर राहतो माझा.

मंगळवार, १३ मार्च
गल्लीच्या तोंडाशी रशिदा समोरून आली. हातात भाजीची पिशवी. मी दुसरीकडे बघितलं. तिने रस्ता अडवला आणि पिशवी खाली ठेवली, म्हणजे लवकर सोडणार नाही.
म्हणाली, "बाई, माझ्यावर गुस्सा हाय ना? ठीक हाय. पण आधी सांगा, मी काय केलं?"
मी म्हटलं, पोलिसाला काय सांगितलंस ते तुला माहीत.
ती म्हणाली, "ते नंतरचं. त्याच्या आधीचं विचारते. जानेवारीत तुम्ही गच्चीवरून मला हात करायला लागलात. रुमाल घेऊन. मी यांना म्हटलं, बघा, बाई परत बोलायला लागल्या. मग मी पण करायची. ओढणी हलवायची. दर जुम्म्याला. कपडे नसले तरी वर यायची. पहिले तुम्ही किती जोरात हलवायच्या. मग हळूहळू कमी. आता नुसता हात धरून उभ्या असता, हलवत पण न्हाय. तोंडाने आईशी बोलता. मी समोर ओढणी हलवतेय, आणि तुम्ही एक डोळा बंद करून माझ्याकडे बघता." तिने डोळे पुसले. "अशा बाईला पिस्तुल द्या म्हणू मी? काय झालं तर कोणाला तोंड दाखवू?"
मी तिला समजावून सांगायला हवं होतं, की ती नेमबाजी होती. मनगट, श्वास, धूसर टार्गेट. पहिल्यांदा हात हलत होता ती चूक होती, शेवटी थांबला ती प्रगती.
मी म्हटलं, खांदा दुखत होता.
"मग तेल लावायला यायचं ना," म्हणाली. पिशवीतून दोन वांगी काढून माझ्या हातात दिली आणि गेली. घाईत होती.

बुधवार, १४ मार्च
ठाण्याला पत्र टाकलं. अर्ज मागे घेत आहे. कारण: वैयक्तिक.
पाटल्या परत ट्रंकेत. नेमबाजी हा खर्चिक छंद आहे, हे आधीच लक्षात यायला हवं होतं. नवा संकल्प: दर शुक्रवारी सकाळी गच्चीवर थोडा व्यायाम. हाताचा. केलेली प्रॅक्टिस वाया जाऊ नये एवढ्यासाठीच.

शुक्रवार, १६ मार्च. सकाळी ७
लूम बंद. गच्चीवर गेले. बाटली नेली नाही, नुसता रुमाल. दोन्ही डोळे उघडे ठेवले. टाकी, डांबराचा ठिपका, दोरी, दोरीवरचे चिमटे, सगळं स्वच्छ दिसलं.
हात वर करून हलवला. पुष्कळ वेळ. सवय मोडल्यामुळे जरा जड गेलं.
साडेसातला गुलाम हुसेन टाकीचं झाकण बघायला वर आले. मला बघून घोटाळले. मग म्हणाले, "बाई, रशिदा पडघ्याला गेली. लेकीचं बाळंतपण. दीड महिना तरी न्हाय."
मी म्हटलं, हो का. मी आपला व्यायाम करते आहे.
ते म्हणाले, करा, करा, आणि खाली गेले.
मी रुमाल घडी करून कमरेला खोचला. दीड महिना म्हणजे सहा शुक्रवार. तोवर हात बऱ्यापैकी हलायला लागेल.