बाबांचं एका शब्दाचं उत्तर

बाबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग काही म्हातारा होत नाही. राग म्हणणंसुद्धा तुमचा मान राखणं झालं. मला तुमची कीव येते, आणि किळसही. पेशंटला तपासल्याशिवाय औषध न देणारे तुम्ही, इतिहासाचं निदान मात्र नाडीला हात न लावता करायचात.

ऐंशीचं दशक संपत आलेलं, लंडनच्या पिनर उपनगरातलं आपलं घर, आणि मी सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीत. हिस्टरीच्या बाईंनी एसे दिला होता: सुरुवातीच्या काळात इस्लाम इतक्या वेगाने का पसरला? तीन आठवडे लायब्ररीत बसून मी आठ पानं लिहिली. बायझंटाइन आणि इराणी साम्राज्यं एकमेकांशी लढून खिळखिळी झाली होती. सीरिया-इजिप्तमधले कितीतरी ख्रिस्ती आपल्याच सम्राटाच्या करांना आणि छळाला विटले होते. आपसात भांडणाऱ्या अरब टोळ्यांना नव्या धर्माने एकत्र बांधलं. सैन्यं झपाट्याने पुढे गेली, पण जिंकलेल्यांना कर भरून आपला धर्म पाळता येत होता. बहुतेक प्रजा मुसलमान व्हायला पिढ्या लागल्या.

रविवारी दुपारी जेवायला तुमचे डॉक्टर मित्र आले. त्यांत लाहोरचे ते तुमचे सहकारीही होते. तुमचा पाय मोडला तेव्हा सहा आठवडे तुमच्या ड्यूट्या त्यांनीच केल्या होत्या. साइडबोर्डवरचा माझा एसे तुम्ही उचलता, शीर्षक मोठ्याने वाचता, पानं मोजता.

"आठ पानं! अगं, एका शब्दाचं उत्तर आहे. तलवार!"

मराठीत बोललात, म्हणजे लाहोरच्या डॉक्टरांना कळणार नाही अशी तुमची हुशारी. हा शब्द त्यांच्याही भाषेत तोच आहे, बाबा.

त्यांनी चमचा खाली ठेवला. "मुलीचं पुढचंही वाचा ना, डॉक्टर," ते इंग्रजीत म्हणाले.

"जोक होता हो," तुम्ही हसलात.

"बाबा, याच्यावर तुम्ही एक तरी पुस्तक वाचलंय?" मी विचारलं.

"पाहुण्यांसमोर तोंड वर करून बोलतेस? आत जा."

वाढलेल्या श्रीखंडाला हात न लावताच ते आईचे आभार मानून निघून गेले. "एवढं लागायला काय झालं? त्यांना थोडंच म्हटलं होतं!" असं म्हणून तुम्ही त्यांची वाटी स्वतःकडे ओढलीत. लढाया झाल्याच होत्या, बाबा. ते माझ्या दुसऱ्याच पानावर होतं. तुम्हाला तेवढंही उलटायचं नव्हतं. न वाचण्याचा असा अभिमान मी नंतर अडाण्यांतही पाहिला नाही.

हे पत्र जाणार कुठेच नाही, म्हणून पुढचंही लिहिते. त्याच आठवड्यात तुमचे ते लाहोरचे सहकारी मला स्टेशनवर भेटले. "तुझा एसे वाचायला देशील?" त्यांनी विचारलं. "आमच्या घरीही याचं एका शब्दाचंच उत्तर होतं. चमत्कार. मला खरं कारण कधी कुणी सांगितलंच नाही."

"बाईंना देऊन टाकला," मी म्हटलं.

एसे माझ्या बॅगेत होता. ते हॉस्पिटलमध्ये तुमच्यापाशी त्याचा विषय काढतील, याची मला भीती वाटली.