सोर्साला हिरवा

२७ एप्रिल

होडीवरची ताडपत्री काढली. सोर्सा जशी झाकली होती तशीच निघाली – म्हणजे वाईट! गेल्या वर्षी मी लावलेला पांढरा रंग कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटतोय.

होड्या पाण्यात उतरवायला क्रेन २४ मेला येणार. त्या दिवशी क्लबातल्या सगळ्या होड्या धक्क्यावर रांगेनं उभ्या असतात, आणि आउलिस म्हातारा हात पाठीमागे बांधून प्रत्येकीभोवती एक फेरी मारतो. त्याला कोणी नेमलेलं नाही. चाळीस वर्षं मारतोय. पसंत पडलं तर म्हणतो, ‘चालेल.’ या एका शब्दासाठी चांगली शहाणीसुरती माणसं वसंतभर गुडघे फोडून घेतात. मला एकोणीस वर्षांत तो एकदाही मिळाला नाही. ‘हे ओघळ आहेत की पडदे शिवलेस?’ ‘झाडूनं लावलास का रे?’ गेल्या वर्षी तर नुसताच खोकला.

यंदा मिळवणार. चौसष्टाव्या वर्षी माणसाला ध्येय हवंच!

३० एप्रिल

फळीवर अकरा पट्टे रंगवून बघितले. सिर्क्का म्हणाली, ‘राखाडी घे. तुझे ओघळ त्यात लपतील.’ आणि ही माझी बायको!

३ मे

हिरवा घेतला. गडद, पावसात भिजलेल्या फरच्या झाडासारखा. दुकानदारीणबाई म्हणाल्या, ‘गडद रंगात बारीकशी खोटही उठून दिसते हं.’ म्हटलं, दिसू दे. दोन डब्यांचा आहे – एकात रंग, दुसऱ्यात तो कडक करणारं औषध, मिसळून लावायचा. दुकानातला सगळ्यात चकचकीत. अर्थात सगळ्यात महागही.

६ मे

आउलिस आला, माझीच बादली पालथी घालून बसला. ‘डब्यावर काय लिहिलंय? वाच मोठ्यानं.’ एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला पहिलीतल्या पोरासारखं वाचायला लावलं! वाचलं. मुकाट्यानं.

‘खाली जुना साधा रंग आहे ना? मग हा वर बसायचा नाही. सगळं खरवड, नाहीतर वरही साधाच लाव.’

मी म्हटलं, ‘बघतो.’ म्हणजे, तू कोण मला शिकवणार!

८ मे

लावला. वीस मिनिटं सोर्सा आरशासारखी होती. ती वीस मिनिटं मी फार सुखात काढली.

मग सुरकुत्या. आधी नाकाशी एक, मग सगळीकडे, तापल्या दुधावरच्या सायीसारख्या. नव्या रंगातल्या द्रावकानं खालचा जुना रंग उचलला. नववीचा धडा. दरवर्षी परीक्षेत विचारायचो मी हा प्रश्न! सिर्क्का कॉफी घेऊन आली, बघत उभी राहिली. ‘नापास केलेल्या पोरांना पत्रं लिहायला घे आता.’

९ मे

खरवडतोय.

१२ मे

खरवडतोय.

१५ मे

लाकूड दिसलं. खांदा गेला. सौनात वाफ घेत बसलो तर घामाबरोबर कानातून हिरवी भुकटी आली.

फोडलेले डबे दुकानात परत घेत नाहीत, आणि तो महागडा रंग पुन्हा घ्यायला खिसा तयार नाही. तोच हिरवा साध्या रंगात मिळाला. म्हाताऱ्यानं सांगितलेला. आउलिस दिसला तेव्हा मी डबा कोटाखाली धरला. तो शेजारून सरळ पुढे गेला. बरं झालं.

२० मे

अस्तराचे दोन हात झाले, घासून झालं, आज शेवटचा हात. सिर्क्का पुढे रोलर फिरवत, मी मागून ब्रशनं सारखं करत. ‘थांबू नकोस, सुकतंय!’ ‘मागे जाऊ नकोस!’ – गेलो. एक ओघळ दिसला म्हणून पुसायला गेलो. तिथे तीन झाले.

तेही चाललं असतं. पण वारा सुटला आणि बर्चच्या झाडांचा पराग आला. मेमध्ये तो येतोच, इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून शहाणी माणसं पहाटे पाचला जमिनीवर पाणी शिंपडून रंग लावतात. मी जेवून, वर वेलचीचा पाव खाऊन, भर दुपारी! अर्ध्या तासात सोर्सावर पिवळी लव उगवली. शिवाय चार डास, एक माशी.

२२ मे

धुऊन बघितलं. पराग आत रुतून बसलाय. हात फिरवला की किसणी. नवा हात द्यायला दिवस उरले नाहीत.

तो काय म्हणेल त्याची सकाळपासून उजळणी करतोय, उत्तरंही तयार ठेवलीत. सिर्क्का म्हणते, ‘एका म्हाताऱ्याचं एवढं काय घेऊन बसलास?’ काय सांगू? वाईट वाटतंय. त्याच्याइतकं नीट बघणारं माणूस मला दुसरं माहीत नाही. त्यानं एकदा ‘चालेल’ म्हणावं एवढंच हवं होतं.

२४ मे

आउलिस फेरी मारत आला. सोर्साशी थांबला. नाक लाकडाला टेकेल इतका वाकला.

‘चालेल,’ म्हणाला. ‘आरसाच केलास की. एक ओघळ नाही.’

रांगेतले सगळे खो खो हसले. तो हसला नाही. माझ्या खांद्याच्या जरा पलीकडे बघत म्हणाला, ‘आणि निळा शोभतो हिला.’

डबा त्यानं मला का वाचायला लावला होता, ते तेव्हा कळलं. मी म्हटलं, ‘हो. निळाच घेतला यंदा.’