नानांची कवळी

काष्टी, ९ जून १९४४
काल श्रीगोंद्याला डॉक्टरांनी नानांचे खालचे उरलेले तीन दात काढले. वरचे आधीच गेले होते. आता तोंडात एकही नाही. गालाला सूज. सौ.ने भात घोटून ताकात कालवून दिला, तो कसाबसा गिळला.
संध्याकाळी नाना म्हणाले, "नगरला कवळी बसवून देतात म्हणे." मी म्हटलं, बघू.
माझ्या 'बघू'चा अर्थ नानांना ठाऊक आहे. पुन्हा बोलले नाहीत.

१३ जून
नगरला चौकशी करवली. कवळीला माझे दोन पगार जातील. पोस्टात शिल्लक जेमतेम तेवढीच.
आजवर एका नियमाने संसार केला. पोट, अंगावरचं वस्त्र, औषध, मुलांची फी ही गरज. बाकी सगळी हौस. त्यात लढाईचे दिवस, साखर-रॉकेल कंट्रोलवर, तेही रांगेत उभं राहून. बाहत्तराव्या वर्षी दात गरजेत बसत नाहीत. मऊ भात आहे, दूध आहे.
सौ.ला हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग, "कशाला हवेत ते नानांना विचारलंत का?"
जेवायला. आणखी कशाला?

२१ जून
स्टेशनवरच्या पार्सलबाबूंची दौंडला बदली झाली. सायकल विकून चाललेत. नवी हल्ली मिळतच नाही. घेतली. मी शिकवतो ती वाडीची शाळा दोन कोस, रोजची पायपीट, गुडघा धरतो. ही गरजच.
पोस्टातले बहुतेक गेले.
नाना ओसरीवर बसले होते. सायकलकडे पाहिलं, सीटवर हात फिरवला. काहीतरी बोलले. दोनदा विचारल्यावर कळलं: "चांगली आहे."

२ जुलै
चातुर्मास लागला. मारुतीच्या देवळात नानांची पोथी सुरू. तीस-एक वर्षं हा नेम चुकलेला नाही. आईच्या तेराव्यानंतर दुसऱ्याच दिवशी बसले होते.
मी गेलो नाही. वाडीहून येताना पंक्चर.

४ जुलै
देवळातून नाना लवकर परतले. पोथी रुमालात बांधली, फडताळात ठेवली. जेवले नाहीत.

५ जुलै
गंगूआत्या भेटली. जातीची नाही, नात्याची नाही, पण लहानपणापासून आत्याच म्हणतो. माळी गल्लीतली म्हातारी, नानांच्या पोथीला पहिल्या ओळीत बसणारी. रस्त्यात थांबवून म्हणाली, "मास्तर, नानांचं काय बी कळत न्हाई आता. सीतामाईचं नाव घेतलं तर भलतंच निघालं तोंडातून. पोरीबाळी हसल्या. म्या दटावलं, पन नानांनी ऐकलं हुतं. मग उठलेच."
मी म्हटलं, "पुढे सवय होईल."
"कुनाला वो?" आत्या म्हणाली. "हसनाऱ्यांना?"

६ जुलै
आज नानांना विचारलं, देवळात नाही जायचं? मान हलवली. मग एकेक शब्द सावकाश, मला कळावा म्हणून:
"वासू, जेवायला नको होते रे मला."
शाळेत मुलांना गणित घातलं आणि तसाच खुर्चीत बसून राहिलो. उत्तरं तपासली नाहीत.

११ जुलै
इथे तरी खरं लिहावं. दोन कोस मी नऊ वर्षं चाललो. गुडघा कधीमधी दुखतो, शेकला की थांबतो. पलीकडच्या गावचे मास्तर सायकलवरून जातात, लोक बाजूला होतात, रामराम घालतात. ते डोळ्यांत होतं. पहिल्या दिवशी वेशीतून येताना समोर कोणी नसताना घंटी वाजवली मी.
माझ्या हौसेला गरज म्हटलं. त्यांच्या गरजेला—

३ ऑगस्ट
नाना आता घरातही बोलत नाहीत. हवं ते हाताने दाखवतात. धाकटी विचारते, "आजोबा रागावलेत?" रागावले असते तर बरं झालं असतं.
देवळात संध्याकाळी कोणी बसत नाही. पुजारी दिवा लावून घरी जातो.

२० ऑगस्ट
सायकल दूधवाल्या शिंद्याला दिली. घेतली त्याहून बऱ्याच कमी भावात. घासाघीस केली नाही. कमी पडले ते पैसे सौ.च्या भावाकडून मागून घेतले. पत्र लिहिताना कारण काय लिहावं, इथेच अडलो. शेवटी 'वडिलांच्या प्रकृतीसाठी' असं लिहिलं.

७ सप्टेंबर
नानांना घेऊन नगरला. यायलाच तयार नव्हते, सौ.ने हात धरून उठवलं. गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले.
डॉक्टर तरुण, मृदू. मेणावर माप घेतलं. म्हणाले, "आजोबा, सुरुवातीला जड वाटेल. रोज मोठ्याने वाचायचं, म्हणजे जीभ सरावेल. वाचता ना काही?"
नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरांकडेही नाही.

१२ ऑक्टोबर
कवळी मिळाली. नगरला डॉक्टरांनी बसवून दिली. आरसा पुढे केला. नानांनी पाहिलं आणि आरसा पालथा ठेवला. चेहरा बदलला आहे, जुनाही नाही, मधला कुठला तरी.
मी म्हटलं, "नाना, काहीतरी बोला."
"काय बोलू?" म्हणाले. स्वच्छ ऐकू आलं. फक्त शब्दामागे एक कडकड.

१५ ऑक्टोबर
कवळी जेवताना लावतात, जेवण झालं की काढून ठेवतात. पोथी फडताळात तशीच.
मी म्हटलं, चातुर्मास अजून संपलेला नाही. म्हणाले, "माझा संपला."
सौ. मला म्हणाली, "आता मागे लागू नका. तेव्हा द्यायचं ते आत्ता दिलंत, तर आत्ताचं घ्यायचं की नाही, ते त्यांनी ठरवावं."

२४ ऑक्टोबर
गंगूआत्या तापाने पडली आहे. आठ दिवस झाले, अन्न नाही. तिची सून दुपारी आली. ओसरीवर नाना होते, त्यांनाच म्हणाली, "सासूबाई म्हनत्यात, नानांना म्हनावं, याक अध्याय वाचून जावा. कळो न कळो, मला चालतंय."
सून निघून गेली.
मग नाना उठले. फडताळ उघडलं, पोथी काढली. कवळी घातली, वहाणा घातल्या. मी म्हटलं, सोबत येऊ? हाताने नको म्हणाले.
आता दिवे लागलेत. आत्याचं घर मागच्या गल्लीत, आमच्या परसापासून चार घरं. पूर्वी देवळातूनही नानांचा शब्द न् शब्द इथवर यायचा. सौ. म्हणते, जाऊन बघा तरी. गेलो नाही. परसदार उघडं ठेवून बसलो आहे, कान देऊन. कुणाची तरी गाय हंबरते आहे. ती थांबली की कळेल.